पाण्याला विटाळ कोणी केला? पाऱ्याचा इतिहास खालून वाचताना

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नंतर सवर्णांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. गुरे त्याच तळ्यावर पाणी पीत होती, तेव्हा ते बाटत नव्हते. माणसाच्या हाताने मात्र बाटले! आणि त्याच १९२७ सालापासून मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते, हे आम्ही सांगायची गरज नाही.

या देशाने विटाळाचे भलेमोठे शास्त्र रचले. पण ज्या वस्तूने पाणी, मासा आणि आईच्या पोटातले मूल खरोखर बाटते, तिचे या शास्त्राला कधी सोयरसुतक नव्हते. उलट तिची शिवलिंगे करून पूजेला लावली. ती वस्तू म्हणजे पारा.

खाणीत कोण उतरले?

पारा हिंगुळाच्या दगडातून निघतो. दगड भट्टीत तापवला की पाऱ्याची वाफ होते. ती श्वासातून शरीरात जात राहिली की हात थरथरतात, हिरड्या सुजतात, दात पडतात, स्मरणशक्ती जाते, मूत्रपिंडे बिघडतात.

जगातली सर्वात मोठी पाऱ्याची खाण स्पेनमधल्या आल्मादेनची. सोळाव्या शतकात तिथे राबायला कैदी आणि गुलाम होते. १५९३ साली राजाच्या वतीने मातेओ आलेमान हा लेखक चौकशीला गेला आणि त्याने कैद्यांच्या जबान्या नोंदवल्या. भट्टीवर काम करणारी माणसे थरथरत, भ्रमिष्ट होऊन मेल्याचे त्या जबान्यांत आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्यांना सगळे माहीत होते. खाण चालूच राहिली. २०१२ साली ती जागतिक वारसा ठरली.

पेरूमधल्या वांकावेलिकाच्या खाणीत स्पॅनिश सत्तेने तिथल्या मूलनिवासींना उतरवले. गावागणिक ठरावीक माणसे पाठवायची, अशी सक्तीची पाळी होती. तिचे नाव 'मिता'. वतनाच्या नावाखाली पिढ्यान्पिढ्या वेठ राबलेल्या आमच्या समाजाला ही पद्धत परकी वाटणार नाही. त्या पाऱ्याने पोतोसीची चांदी शुद्ध झाली आणि व्यापारातून स्पेनची चांदी सुरतेच्या टांकसाळीपर्यंत आली.

आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींत इंग्रज कंपनीने १८८० च्या दशकापासून मोठे काम सुरू केले. भूगर्भात उतरणाऱ्यांत तमिळ दलित मजूर मोठ्या संख्येने होते. सुरुवातीच्या काळात खनिज कुटून पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवत, म्हणजे सोने पाऱ्याला चिकटे. पुढे सायनाइड आले. २००१ साली खाण बंद झाली. सोने गेले, मजुरांच्या वस्तीशेजारी सायनाइडच्या गाळाचे डोंगर उरले.

डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री असलेले बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते, ते उगाच नाही. कामगाराचे आरोग्य ही मालकाची दया नाही, ती राज्याची जबाबदारी आहे, ही त्यांची भूमिका होती.

"पारा जात बघत नाही"

हा युक्तिवाद आम्ही नेहमी ऐकतो. खरे आहे, पारा जात बघत नाही. पण कारखाना कुठे काढायचा, सांडपाणी कोणाच्या खाडीत सोडायचे आणि फुटलेली काच कोणी उचलायची, हे ठरवणारा माणूस बघतो. पारा फक्त उतार बघतो. आणि उतार या समाजाने आधीच तयार करून ठेवलेला आहे.

जपानमधले मिनामाता बघा. चिस्सो कंपनी आपले सांडपाणी समुद्रात सोडत होती. त्यातला सेंद्रिय पारा आधी कालवे-माशांत साचला. मासे खाणारी मांजरे वेडीवाकडी नाचत मरू लागली, पक्षी आकाशातून पडू लागले. मग मच्छीमारांची मुले आजारी पडली. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कंपनीच्याच डॉक्टर होसोकावा यांनी मांजराला कारखान्याचे सांडपाणी खाण्यातून दिले. त्याला तोच रोग झाला. कंपनीने तो निष्कर्ष दाबला. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली.

मुका जीव आधी मरतो, मग गरीब मरतो, आणि साहेब अहवालाची वाट बघतो.

आमच्या दारात

कोणी म्हणेल, जपानचे मुंबईला काय? कल्याणच्या बाजूने उल्हास नदी वाहते आणि वसईच्या खाडीला मिळते. तिच्या काठी कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणारे कारखाने आले. जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना पारा वापरत, आणि त्यातला काही सांडपाण्याबरोबर बाहेर जाई. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीच्या गाळातला पारा तपासून २००३ साली संशोधन प्रसिद्ध केले. पारा या कारखान्यांतून आला होता. पुढे उद्योगाने ती पद्धत सोडली. पण पारा कुजत नाही, जळत नाही. गाळातले जिवाणू त्याचा सेंद्रिय पारा करतात. तो किड्यातून लहान माशात, तिथून मोठ्या माशात, मग बगळ्यात आणि माणसात चढतो. प्रत्येक पायरीवर वाढतो. ही उतरंड वरून खाली दाबणारी नाही, खालून वर चढणारी आहे, एवढाच तिच्यात आणि जातीच्या उतरंडीत फरक!

आता कोडाईकनाल. अमेरिकेतल्या वॉटरटाउनचा जुना थर्मामीटर कारखाना १९८० च्या दशकात उचलून तिथल्या डोंगरावर आणला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. आज या कंपनीचे मुख्यालय आमच्या सांताक्रूझपासून थोड्याच अंतरावर, अंधेरीच्या चकाल्यात आहे. मार्च २००१ मध्ये तिथल्या रहिवाशांनी आणि ग्रीनपीसने एका भंगारवाल्याकडे पडलेली पारायुक्त फुटकी काच उघडकीस आणली. ती ७.४ टन निघाली. कारखाना बंद झाला. मागे पांबर शोला हे जंगल आहे. अणुऊर्जा विभागाच्या शास्त्रज्ञांना कोडाईच्या तळ्यातल्या पाण्यात, गाळात आणि माशांत पारा सापडला.

२००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा परत अमेरिकेला गेला. कामगार मात्र इथेच राहिले. ५९१ माजी कामगारांशी तडजोड व्हायला मार्च २०१६ उजाडले. कामगारांच्या आजारांशी कारखान्याचा संबंध कंपनीने कायम नाकारला आणि मानवतेच्या भूमिकेतून पैसे देत असल्याचे सांगितले. आमचा प्रश्न साधा आहे. काच अमेरिकेला परत पाठवण्याइतकी धोकादायक होती, तर ती हाताळणारे हात धोक्यात नव्हते का?

मग आम्ही काय करायचे?

वाकोला, कलिना, गोळीबारच्या वस्त्यांत राहणाऱ्या तरुणांनो, हा प्रश्न पर्यावरणवाल्यांचा म्हणून सोडू नका. जुन्या ट्यूबलाइटमध्ये, सीएफएल बल्बमध्ये, जुन्या थर्मामीटरमध्ये पारा असतो. ते फुटल्यावर कचऱ्याच्या गाडीत टाकतात आणि आपली सफाई कामगार बहीण ते हाताने वेगळे करते. २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा घरगुती घातक कचऱ्यासाठी वेगळी संकलन केंद्रे सांगितली होती. भारताने २०१८ साली पाऱ्यावरचा मिनामाता करारही मंजूर केला. कागदाला तोटा नाही.

म्हणून तीन कामे. पहिले, महापालिकेच्या एच पूर्व विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. घातक कचऱ्याचे केंद्र कुठे, तिथे वर्षात किती ट्यूबलाइट जमा झाल्या आणि पुढे कुठे गेल्या, हे विचारा. दुसरे, सफाई कामगारांना हातमोजे, मास्क आणि नियमित आरोग्य तपासणी मिळते का, हे कंत्राटी कामगारांनाही धरून विचारा. तिसरे, आपल्या घरातली ट्यूब फोडू नका, वेगळी बांधून ठेवा.

चवदार तळ्यावर आपण पाणी पिण्याचा हक्क मिळवला. आता ते पाणी पिण्याजोगे ठेवण्याचा हक्क मागायचा आहे. त्यासाठी १०८ घागरी लागत नाहीत. एक अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प आणि उत्तर मिळेपर्यंत न हटणारी चार माणसे पुरतात.

जय भीम!