स्पिन–फोनॉन युग्मन

विद्युतरोधक चुंबकीय पदार्थांत स्फटिकजालकाची कंपने आणि स्पिनांमधील आंतरक्रिया यांचा एकमेकांवर होणारा परिणाम म्हणजे स्पिन–फोनॉन युग्मन. कंपनांच्या पुंजाला फोनॉन म्हणतात.

विद्युतरोधकात मोकळे इलेक्ट्रॉन नसतात, म्हणून ऑक्साइडांत धातूच्या दोन आयनांमधील आंतरक्रिया बहुधा मधल्या ऑक्सिजनमार्फत चालते. ही कल्पना क्रामर्स यांनी 1934 मध्ये मांडली आणि अँडरसन यांनी 1950 मध्ये तिला पुढे नेले. आंतरक्रियेचे बल धातू व ऑक्सिजन यांतील अंतरावर आणि धातू–ऑक्सिजन–धातू कोनावर अवलंबून असते. अंतर बदलले की ते फार झपाट्याने बदलते: अनेक ऑक्साइडांत अंतर एक टक्का घटले की बल सुमारे दहा टक्के वाढते. कंपनाने अणू किंचित हलला तरी आंतरक्रियेवर त्याचा ठसा उमटतो तो यामुळेच.

अशा ऑक्साइडांचे एक कुळ म्हणजे लोहयुक्त फेराइट; कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. निकेल फेराइट हे त्या कुळातील चांगले विद्युतरोधक. त्याच्या अवरक्त वर्णपटात 600 व 400 सेंमी⁻¹ यांच्या आसपास दोन ठळक पट्टे दिसतात. पहिला चतुष्फलकी व दुसरा अष्टफलकी स्थानांवरील धातू–ऑक्सिजन बंधांच्या कंपनांचा. या दोन प्रकारच्या स्थानांमधील आंतरक्रिया फेराइटात सर्वांत प्रबळ असते. म्हणजे चुंबकत्व ज्या बंधांवर उभे आहे, तेच बंध येथे कंप पावताना दिसतात.

सर्वांत बोलके उदाहरण झिंक क्रोमाइटाचे. त्यात क्रोमियमच्या स्पिनांना चतुष्फलकाच्या चारही कोपऱ्यांवर एकाच वेळी परस्परविरुद्ध राहणे शक्य नसते. अखेर 12.5 केल्व्हिनला जालकच घनाकार सोडते, स्पिन सुव्यवस्थित होतात आणि तापमान उतरताना एका फोनॉनाची रेषा सुमारे 11 सेंमी⁻¹ अंतराने दुभंगते. इतके मोठे विभाजन केवळ जालकाच्या विकृतीने समजत नाही. त्याला स्पिनांची साथ धरावी लागते.

असे बदल रामन व अवरक्त वर्णपटांत मोजतात. न्यूट्रॉन प्रकीर्णनात फोनॉन आणि स्पिनलहरी दोन्ही दिसतात. भारतात ही सोय तुर्भे (ट्रॉम्बे) येथील, 1985 मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर आहे.

उलट दिशेचा प्रयोगही झाला आहे. 2021 मध्ये डिस्प्रोशियम ऑर्थोफेराइटात अवरक्त स्पंदांनी फोनॉन उत्तेजित करून प्रतिलोहचुंबकीय अवस्थेतून दुर्बळ लोहचुंबकीय अवस्था क्षणार्धात साधली गेली.