उदगीरची लढाई, ओसरीवरची

दिवाळीत अंगणात किल्ला करायचा आणि त्यावर मातीचे मावळे उभे करायचे, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. किल्ला झाला की खेळ संपतो. मावळे नुसते उभे राहतात. आमच्या मुखेडच्या गल्लीतल्या पोरांना ते चालवायचे होते.

म्हणून काही वर्षांपासून दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा पोरं माझ्या ओसरीवर जमतात. नियम साधे. पायदळ एक वीत सरकणार, घोडा दोन वीत. दोन गडी समोरासमोर आले की फासा टाकायचा. ज्याचं दान मोठं तो राहिला. तोफ म्हणजे गोटी. नेम धरून मारायची, आडवे पडतील तेवढे मेले. भांडण झालं तर पंच मी.

यात नवं काही नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच घेऊन अधिकाऱ्यांना लढाई शिकवायची पद्धत बसवली. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिलं. ही लुटुपुटूची लढाई खेळून बघा, म्हणजे खरी लढाई केवढी घोडचूक असते ते कळेल, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

पहिल्या वर्षी आम्ही आमच्या शेजारच्या उदगीरची लढाई मांडली. फेब्रुवारी १७६०. एका बाजूला सदाशिवरावभाऊ, दुसऱ्या बाजूला निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली. फौजा वाटताना एक पोरगा सहज बोलून गेला, "तुम्ही मोहल्ल्यातले, तुम्ही निजामाकडून." बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण आमच्यातलं एक पोरगं दुसऱ्या दिवशी आलंच नाही.

मराठवाड्यात 'निजाम' हा शब्द उच्चारला की १९४८ आठवतं, रझाकार आठवतात. त्या जखमा खऱ्या आहेत, आमच्या घरातही त्या दिवसांच्या गोष्टी हळू आवाजात सांगितल्या जात. पण १७६० म्हणजे १९४८ नव्हे.

त्या रात्री मी चिठ्ठ्या लिहिल्या. भाऊसाहेबांच्या बाजूला पहिलं नाव इब्राहिमखान गारदी. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला, आधी निजामाकडे होता, उदगीरला त्याच्या तोफा मराठ्यांकडून चालल्या. आणि निजामाच्या पदरी कोण? धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिकडे गेला होता. जाधव, निंबाळकर अशी मराठा घराणी त्या दरबारात जहागिरी खात होती. माणसं चाकरी, जहागिरी आणि मानापमान बघून बाजू धरत होती.

रुसलेल्या पोराला मी घरून बोलावून आणलं. चिठ्ठ्या टोपीत घातल्या, ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याची. योगायोगानं 'तुम्ही निजामाकडून' म्हणणाऱ्यालाच सलाबतजंग लागला. तो जरा हिरमुसला, मग मन लावून खेळला आणि हरला. खऱ्या तहात निजामानं साठ लाखांचा मुलूख दिला. यानं सहा गोट्या दिल्या.

खेळ आटोपल्यावर रुसलेल्यानं विचारलं, "चाचा, इब्राहिमखानाचं पुढं काय झालं?" मी सांगितलं : भाऊंबरोबर पानिपतला गेला. जानेवारी १७६१ मध्ये तिथं शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला.

आता यंदा पानिपत मांडू, असं पोरं म्हणताहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही. चिठ्ठ्या मात्र लिहायला घेतल्या आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)