स्पॅनिश वसाहती रौप्य नाणी
स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पाडलेली चांदीची नाणी. मेक्सिको येथील टाकसाळ १५३५ मध्ये स्थापन झाली. पोतोसी (सध्याच्या बोलिव्हियात) येथे १५४५ मध्ये चांदीच्या खाणी सापडल्या व १५७४ पासून नाणी पाडण्यात येऊ लागली. ‘आठ रियाल’ हे यांतील प्रमुख नाणे असून त्याचे वजन सुमारे २७ ग्रॅ. असे. आरंभीची नाणी घणाने ठोकलेली व ओबडधोबड आकाराची होती. १७३२ पासून मेक्सिकोत यंत्राने वाटोळी नाणी निघू लागली. त्यांवर दोन स्तंभ व त्यांच्यामध्ये दोन गोलार्ध कोरलेले असत. १७७२ पासून राजाचा मुखवटा आला.

ही चांदी भारतात अनेक मार्गांनी आली : लिस्बनहून गोव्यास, इंग्रज व डच कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेस, तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरातून आणि मानिलामार्गे. कापड, नीळ व मसाले यांच्या मोबदल्यात ती दिली जाई. तथापि मोगल मुलुखात परकी नाणे चलन म्हणून चालत नसे. सराफ त्याचे वजन व कस पाहून मोल ठरवीत आणि टाकसाळीत ते वितळवून रुपये पाडले जात. आठ रियालांच्या एका नाण्यातील शुद्ध चांदी साधारणतः सव्वादोन रुपयांतील चांदीइतकी भरे. १६४९ मध्ये पोतोसीच्या टाकसाळीतील कसाचा मोठा अपहार उघडकीस आल्यावर तेथील नाण्यांविषयी व्यापाऱ्यांत अविश्वास पसरला.

यामुळे देशाच्या अंतर्भागात मूळ स्पॅनिश नाणी विरळाच आढळतात. वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे गेला; सध्याच्या यवतमाळ जिल्ह्याचा काही भाग तेव्हा कळंब सरकारात मोडत होता. या भागात अमेरिकेची चांदी पोहोचली, ती सुरत, बऱ्हाणपूर यांसारख्या टाकसाळींच्या रुपयांच्या रूपानेच पोहोचली असावी. म्हणून येथील अभ्यासकाला रियालचा शोध रुपयातच घ्यावा लागतो. धातूतील सोने, शिसे, इंडियम इत्यादींचे अल्पांश तपासून चांदीच्या उगमाचा अंदाज करता येतो. परंतु निरनिराळ्या ठिकाणची चांदी एकत्र वितळलेली असल्यास निष्कर्ष सावधपणे काढावे लागतात.

अशा संशोधनात सुट्या नाण्यापेक्षा संपूर्ण साठ्याचे महत्त्व अधिक आहे. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये मिळालेला सातवाहन नाण्यांचा साठा वा. वि. मिराशी यांनी अभ्यासला. त्यावरून अन्यत्र अज्ञात असलेल्या काही राजांची नावे कळली. साठा वाटून घेतला वा सोनाराकडे आटवला गेला असता, तर हा पुरावा कायमचा नष्ट झाला असता. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या धनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. संग्राहकाने नाणे घासून उजळवू नये; स्थळ, भांडे, वजन व सोबतची नाणी यांची नोंद ठेवावी. आठ रियालच्या बनावट प्रती बाजारात पुष्कळ आढळत असल्याने वजन, कड व ठसा यांची परीक्षा आवश्यक ठरते. उगमस्थान हरवलेल्या अस्सल नाण्यालाही किंमत उरते. इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल मात्र फारच थोडे राहते.