दफ्तरातील कागदाचा हिशेब

जून महिन्यात शाळा उघडली की आम्हा शिक्षकांना खडूच्या पेट्या, हजेरीपत्रके आणि कागदाचे ताव मोजून मिळतात. साठा नोंदवहीत सही केल्याखेरीज साधी टाचणीही हाती पडत नाही. नवे शिक्षक याला कटकट म्हणतात. एके काळी आम्हीही म्हणत होतो. पण इतिहास शिकवता शिकवता लक्षात आले की ही कटकट फार जुनी आहे. मोठमोठ्या खलीफांनाही ती चुकली नाही.

उमय्या खलीफांचे राज्य सिंधपासून स्पेनपर्यंत पसरले होते. एवढ्या राज्याचा कारभार पत्रांवर चाले आणि पत्रे लिहिली जात ती प्रामुख्याने मिसरहून येणाऱ्या पपायरसवर. नाईल नदीकाठच्या लव्हाळ्यापासून बनणाऱ्या या वस्तूला अरबीत ‘किरतास’ म्हणत. मदीन्याचे सुभेदार अबू बक्र बिन हज्म यांनी दमिश्कला लिहून किरतास आणि मेणबत्त्यांची मागणी केली. आधीच्या सुभेदारांना त्या मिळत होत्या. उत्तर दिले ते 717 मध्ये गादीवर आलेल्या खलीफा उमर बिन अब्दुल अझीझ यांनी. त्याचा आशय असा : कलमाचे टोक बारीक करा, ओळी जवळजवळ लिहा आणि अनेक कामे एकाच पत्रात मांडा. मेणबत्तीविषयी त्यांनी आठवण करून दिली, की पूर्वी तुम्ही हिवाळ्याच्या अंधाऱ्या रात्री दिव्याशिवायच घराबाहेर पडत होता. ही कंजूषी नव्हती. तो कागद रयतेच्या पैशाचा होता, हे त्यामागचे कारण होते.

अब्बासी खलीफा मन्सूर यांची (754 ते 775) गोष्ट याच्या उलट आहे. दहाव्या शतकातील लेखक जहशियारी यांनी ती नोंदवली आहे. सरकारी कोठारात किरतास फार साचले आहेत, असे मन्सूर यांना कळले. त्यांनी हुकूम दिला, की दिरहमचा सहावा हिस्सा मिळाला तरी चालेल, पण एकेक गुंडाळी विकून टाका. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हा हुकूम मागे घेतला. उद्या मिसरमध्ये काही घडले आणि माल यायचा थांबला तर? मग कारकुनांना सवय नसलेल्या वस्तूवर लिहावे लागेल, ही त्यांची चिंता होती. जास्तीचा साठा म्हणजे पैसा अडकणे, हे त्यांना कळत होते. पण साठा नसेल तर राज्यच अडकेल, हेही त्यांनी ओळखले.

या चिंतेवर खरा उपाय निघाला तो कागदाचा. चिंध्यांपासून होणारा कागद एकाच प्रांतावर अवलंबून नव्हता. समरकंदमागोमाग बगदादेतही तो बनू लागला. दफ्तरात कागद आणण्याचे श्रेय इब्न खल्दून यांनी फजल बिन याह्या बरमकी यांना दिले आहे. कागदाचा आणखी एक फायदा होता. चामड्यावरची अक्षरे खरवडून बदलता येत. कागदात मुरलेली शाई खोडली तर खूण राही. त्यामुळे फसवणूक लपत नसे.

पुढे कैरोच्या मम्लूक दफ्तरात वाटपाचेही नियम ठरले. कोणाला लिहिताना किती मोठ्या आकाराचा कागद घ्यायचा, हे कलकशंदी (मृत्यू 1418) यांनी तपशीलवार लिहून ठेवले आहे. सर्वांत मोठा ताव खलीफा आणि बड्या बादशहांसाठी; दर्जा उतरला की तावही लहान.

हीच परंपरा फारसीच्या हाताला धरून दख्खनमध्ये आली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद बनू लागला. आपल्या मराठीत दफ्तर, कागद, कलम, दौत, शाई हे शब्द इतके मुरले, की ते परके वाटतच नाहीत. ‘फडणीस’ हे आडनावही ‘फर्द-नवीस’पासून, म्हणजे हिशेबाचे कागद लिहिणाऱ्यापासून आले.

इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावतो. त्याबरोबर या दोन खलीफांचा कागदही सांगितला पाहिजे. एकाने रयतेचा ताव वाया जाऊ दिला नाही आणि दुसऱ्याने उद्याची गरज ओळखून तो राखून ठेवला. साठा नोंदवहीत सही करताना आता आम्ही कुरकुरत नाही. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर चाचणी घेतो आणि वर्गाच्या कपाटात खडूची एक पेटी शिल्लक ठेवतो.