जुनी स्पोर्ट्स कार रिस्टोर करायची की मॉडिफाय? कटर हातात घेण्याआधी हे वाचा

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला जमलेल्या गर्दीचे मोबाइल एका क्षणी एकदम वर होतात. छत्रपती घराण्याची मेबॅक चौकात येते तो हा क्षण. १९३०च्या दशकातली ही जर्मन गाडी शाही दसऱ्याला आजही स्वतःच्या चाकांवर येते. ती पाहिली की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली आजोबांची गाडी अनेकांना आठवते. "आपली पण अशी करायची", असं ठरतं आणि पुढच्याच आठवड्यात कोणीतरी ओळखीचा मिस्त्री गाठला जातो.

इथेच दोन शब्दांची गल्लत होते. गाडी कारखान्यातून निघाली तशी पुन्हा उभी करणं म्हणजे रिस्टोरेशन. तिला जास्त ताकद, चांगले ब्रेक, वेगळं रूप देणं म्हणजे मॉडिफिकेशन. गॅरेजमध्ये दोन्ही कामं एकाच जॅकवर होतात, म्हणून फरक किरकोळ वाटतो. पण २०२१ पासून सरकारी कागदावर या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि एका वाटेवरून दुसरीवर परत येणं बहुतेक वेळा जमत नाही.

आपल्याकडची 'स्पोर्ट्स कार' कोणती?

एमजी टीसी, जॅग्वार एक्सके १२० ही नावं ऐकायला भारी, पण सामान्य शौकिनाच्या हाती ती क्वचितच लागतात. हाती लागण्यासारखी आणि स्पोर्ट्स कारशी खरं रक्ताचं नातं असलेली गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड आली. तिचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलं होतं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ती १९६०च्या दशकात भारतात बनवली. याच हेराल्डची चासी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार काढली. हेराल्डच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ९१.५ इंच अंतर आहे, स्पिटफायरमध्ये ८३.

म्हणजे आजोबांची हेराल्ड ही स्पिटफायरची सख्खी थोरली बहीणच. इंजिनाचं कुळही तेच. हेराल्डचं ९४८ सीसीचं इंजिन ३५ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देई, तर स्पिटफायरचं ११४७ सीसीचं, दोन कार्ब्युरेटरवालं इंजिन ६३. शौकिनांच्या डोक्यात किडा इथूनच वळवळतो.

त्यात हेराल्डची बांधणी मॉडिफिकेशनला आमंत्रण देणारी. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांची बॉडी आणि सांगाडा एकजीव होऊ लागला होता, हेराल्डची चासी मात्र वेगळी आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले. बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं, इंजिन चहूबाजूंनी उघडं पडतं. छप्परसुद्धा बोल्टवर असतं. 'काढलं छप्पर की झाली कन्व्हर्टिबल' हा मोह त्यातूनच होतो. पण छप्पर बॉडीला ताठपणा देतं. आधार न वाढवता ते काढलं की खड्ड्यातून जाताना दारांच्या फटी कमी-जास्त होतात, आणि काही महिन्यांनी दार लागेनासं होतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तिकेतला तपशील आणि कंपनीने ठरवून दिलेलं मूळ स्वरूप यांच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तरी त्याची नोंद करून घ्यावी लागते. इंजिन बदलायचं तर परवानगी आधी, इंजिन नंतर. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो.

दुसरा नियम जुलै २०२१ चा, खास व्हिंटेज गाड्यांसाठी. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. आधीपासून नोंदवलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरं असलेली वेगळी मालिका मिळते.

आता यातली मेख. १९६८ची हेराल्ड वयाने या नियमात बसते. पण तिचं छप्पर कापलं असेल किंवा तिच्यात कोणा टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं असेल, तर अर्ज तिथेच अडतो. डिझेल इंजिनाची ही शस्त्रक्रिया एके काळी जीप, फियाट, अँबेसेडरवर सर्रास व्हायची. पेट्रोल परवडत नव्हतं, त्यामुळे त्या मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मूळ इंजिन भंगारात गेलं ते गेलंच.

आणि उलट बाजूही आहे, ती कोणी सहसा सांगत नाही. व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीचं जाणं-येणं एवढीच मुभा. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायला ही गाडी काढायची असेल, तर साधी नोंदणीच बरी. ती पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवता येते. माझ्या मते, ज्याला गाडी चालवण्यात आनंद आहे त्याने व्हिंटेज नोंदणीची घाई करू नये, पण त्या नोंदणीची दारं बंद होतील असं कामही गाडीवर करू नये.

त्याआधी कागद तपासा. वारसाहक्काने आलेली गाडी अनेकदा अजून आजोबांच्याच नावावर असते. मृत मालकाच्या वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तिकेशी जुळतात का, हे रंगकामाच्या आधी पाहायचं. रंगाखाली बुजलेला नंबर नंतर खरवडत बसणं हे मोठं दुखणं आहे.

कोल्हापूरची खरी ताकद

सुटे भाग मिळत नाहीत म्हणून देशात अनेक जुन्या गाड्या अर्धवट पडून असतात. कोल्हापूरकराला मात्र या बाबतीत नशीबवान म्हणावं लागेल. वाय. पी. पोवार, म्हादबा मिस्त्री अशा कारागिरांच्या पिढीने इथे ऑइल इंजिन खोलण्यापासून ते बनवण्यापर्यंत मजल मारली. त्यातून उद्यमनगर वाढलं, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आल्या. आज तिथलं कास्टिंग मोठमोठ्या वाहन कंपन्यांना जातं. याच जिल्ह्यात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या डोक्याने बनवली होती. तिचं कारखान्यात उत्पादन झालं नाही, पण घरची मोटार बनवायची खुमखुमी इथली जुनीच.

म्हणून तडकलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा फुटलेलं वॉटर पंपाचं घर इथे नव्याने ओतून घेता येतं. पण जुना भाग तसाच वाळूत दाबून साचा केला की फसगत होते. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. १०० मिलिमीटरचा भाग ९९ चा निघतो, आणि त्यावर मशिनिंगसाठी सोडायची जाडी वेगळीच. जाणता पॅटर्नवाला हे गणित धरून लाकडी पॅटर्न मोठा करतो. दुसरी अडचण अशी की एका नगासाठी भट्टी कोणी लावत नाही. मग हेराल्डवाले चार-पाच जण मिळून एकदम दहा नग ओतून घेतात. शौकिनांच्या ग्रुपचा खरा उपयोग फोटो टाकण्यापेक्षा इथे होतो.

एक काम तर इथे डोळे झाकून करून घ्यावं. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचं. २००० सालापासून देशात शिसंविरहित पेट्रोल आहे. तेव्हा हेड उघडलेलंच असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट रिंगा बसवून घ्या. बाहेरून काही दिसत नाही आणि इंजिनाचं आयुष्य वाढतं.

स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग मात्र ओतून घेऊ नका. ते मूळचे फोर्जिंगचे असतात. कास्ट केलेला दांडा दिसायला सारखा दिसतो आणि धक्का बसला की काचेसारखा तुटतो.

जीवावर बेतणारी एक छोटी गोष्ट

हेराल्ड आणि स्पिटफायर या दोघींच्या पुढच्या चाकामागे खाली ट्रनियन नावाचा एक भाग असतो. स्टिअरिंग वळवलं की चाकाचा उभा दांडा याच्या आट्यांमध्ये फिरतो. याला वंगण म्हणून घट्ट गिअर ऑइल लागतं, ग्रीस नाही. पण आपल्या गॅरेजात ग्रीसगन हाताशी असते आणि निप्पल दिसलं की ग्रीस मारायची सवय असते. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, आत पाणी साचतं, दांडा गंजतो आणि एक दिवस तुटतो. मग पुढचं चाक आत दुमडतं. बहुतेकदा हे गाडी पार्क करताना, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होतं. घाटात झालं तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर भिजणाऱ्या आपल्या भागात हा भाग खोलून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. रंगाच्या आधी हा खर्च.

दुसरा दोष मागच्या चाकांचा. हेराल्डचा मागचा अॅक्सल 'स्विंग' प्रकारचा आहे. वेगात वळण घेताना अचानक अॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आतल्या बाजूला झुकतं आणि गाडीची शेपूट निसटते. भारतातल्या मालकांना आणि मिस्त्रींना ही रचना फारशी रुचली नव्हती. म्हणूनच पुढे स्टँडर्डने हेराल्डवरून काढलेल्या गॅझेलमध्ये साधा सरळ अॅक्सल टाकला. ट्रायम्फने १९७०च्या स्पिटफायर मार्क फोरमध्ये मागची पाटा स्प्रिंग बदलून हा दोष बराच आवरला. जास्त ताकदीचं इंजिन टाकायची स्वप्नं पाहणाऱ्याने आधी ही स्प्रिंग आणि ब्रेक पाहावेत. ६३ अश्वशक्ती ३५ च्या ब्रेकवर चालवणं हा शौक नाही, आगाऊपणा आहे.

मग मॉडिफाय काहीच करायचं नाही?

करायचं, पण स्पॅनरने उलटवता येईल असं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसतं, झाकण लावलं की कळतही नाही. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर लावला तर रात्री दिवे मंदावत नाहीत. त्या काळच्या अनेक इंग्रजी गाड्यांमध्ये मात्र बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, ते उलटवल्याशिवाय अल्टरनेटर जोडला तर तो जागीच जळतो. सीट बेल्ट, रेडियल टायर, रेडिएटरला विजेचा पंखा ही कामंही याच जातीची. मोठ्या कामांसाठी आधी आरटीओत विचारा. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी चिकटवून खोक्यात ठेवायचा. पुढेमागे गाडी विकायची किंवा व्हिंटेज नोंदवायची वेळ आली, तर त्या खोक्याची किंमत कळते.

एक बदल मात्र आता सक्तीचाच समजा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या कोल्हापुरात याबद्दल तक्रार करणं अवघड, पण १९६०च्या दशकातले रबरी पाइप, कॉर्कचे गॅस्केट आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत. ते फुगतात, चिरतात, गळतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला निमंत्रण. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदे बदलून घ्या. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. नव्या पेट्रोलवर इंजिन धडधडत असेल तर थोडा मोठा जेट लागतो.

सगळं जुळून गाडी रस्त्यावर आली की पहिले काही शे किलोमीटर तिला दमाने घ्या. हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कने आवळा, ऑइल लवकर बदला. पहिली लांब फेरी बहुतेक जण पन्हाळ्याची काढतात. चढताना गाडी तापेल याची सगळ्यांना धास्ती असते, पण जुन्या ड्रम ब्रेकची खरी परीक्षा उतरताना असते. पाय सतत ब्रेकवर राहिला की ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.