राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 100

लाँग वीकांत जवळ आला की पुण्या-मुंबईत नोकरी करणारे आम्ही खान्देशी लोक ट्रॅव्हल्सच्या तिकिटांसाठी मारामारी करतो. पण समजा, भुसावळकडच्या एखाद्याकडे स्वतःची बोट आहे. शुक्रवार धरून तीन दिवस सुट्टी. हतनूर धरणाखाली बोट पाण्यात सोडायची आणि तापीच्या प्रवाहाबरोबर थेट सुरत गाठायची. मोठं शहर, कापडबाजार, लोचो, आणि नातेवाईकांच्या घरी मुक्काम. परत येताना प्रवाह उलटा लागेल, पण ते नंतर बघू :)

हसू नका. ही कल्पना सरकारी आहे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत एकूण 111 जलमार्ग आहेत आणि त्यात 100 व्या क्रमांकावर आपली तापी आहे. हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंत, 436 किलोमीटर. म्हणजे कागदावर तरी आपल्या दारातून समुद्रापर्यंत हायवे आहे, तोही बिनटोलचा.

मग प्रश्न असा पडतो की सुरत जेव्हा हिंदुस्थानातलं सगळ्यात श्रीमंत बंदर होतं, तेव्हा खान्देशातून लोक तिथे नावेनं का गेले नाहीत? कारण जुनी प्रवासवर्णनं वाचली तर जो तो जमिनीवरूनच जाताना दिसतो.

सर टॉमस रो याचंच उदाहरण घ्या. इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून तो 1615 मध्ये जहांगीर बादशहाकडे निघाला. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरत सोडली. व्यारा, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असे मुक्काम करत नोव्हेंबरच्या मध्यावर तो बुऱ्हाणपूरला पोचला. साधारण पंधरा दिवस. नावं नीट वाचा, हा जवळजवळ आपल्या एसटीचा रूट आहे. शेवटचा निम्मा रस्ता तर तापीच्या खोऱ्यातून, नदीला धरूनच जातो. पावसाळा नुकताच संपलेला, नदीला पाणी असणार. तरी साहेब नदीत उतरला नाही. (बुऱ्हाणपूरला त्यानं शहजादा परवेझला दारूच्या बाटल्यांची पेटी भेट दिली. शहजाद्याला ती इतकी चढली की पुढची भेटच झाली नाही, असं रो आपल्या रोजनिशीत लिहितो.)

व्यापाराचंही तसंच. माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर जायचा. तॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं बंजाऱ्यांचे दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णन केले आहेत. असा तांडा समोरून आला की दोन-तीन दिवस बाजूला थांबायचं, दुसरा इलाज नाही. आजचा ट्रॅफिक जॅम परवडला! धरणगावच्या कापडासाठी इंग्रजांनी तिथे वखार घातली होती. शिवाजी महाराजांच्या फौजांनी 1679 मध्ये धरणगाव आणि चोपडा लुटलं, त्यामागे हीच श्रीमंती होती.

एवढा माल, एवढी घाई, शेजारून वाहणारी नदी, आणि तरीही बैल? यामागे साधं गणित आहे. हतनूरची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून 214 मीटर. तिथून समुद्र 436 किलोमीटर. म्हणजे दर किलोमीटरला जवळपास अर्धा मीटर उतार. आता गंगा बघा. प्रयागराज समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर आणि हल्दियापर्यंतचा जलमार्ग 1620 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सहा-सात सेंटीमीटर. कलकत्त्याहून अलाहाबादपर्यंत आगबोटी 1830 च्या दशकातच सुरू झाल्या, त्याचं रहस्य या आकड्यात आहे. तापीचा उतार तिच्या सात-आठ पट. त्यात तळाशी काळा खडक, दोन्ही बाजूंना खोल कापलेले उंच काठ, पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात डोह. गुजरातेत शिरताना तर नदी डोंगर-जंगलातून वाट काढते. नावा चालायच्या, पण या काठावरून त्या काठावर.

बरं, खालचं टोक तरी सोपं होतं का? तेही नाही. तापीचं मुख गाळानं उथळ. त्यामुळे इंग्रजांची मोठी जहाजं सुरतेपर्यंत यायचीच नाहीत, ती सुवाळीच्या किनाऱ्यावर नांगर टाकायची. तिथून पुढचा माल गाड्यांनी नाहीतर लहान होड्यांनी.

आज बोट सोडली तर वाटेत काय लागेल? शेळगाव बॅरेज, वर्षानुवर्षं काम चाललेलं पाडळसरे, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, त्यानंतर उकाई, काकरापार आणि सुरतेच्या उंबऱ्यावर सिंगणपोरचा बंधारा. प्रत्येक ठिकाणी बोट डोक्यावर घेऊन उतरायचं. वीकांत कधी संपला ते कळणारही नाही.

पण एक गोष्ट मात्र खान्देशातून सुरतेला नदीनंच जाते. पाणी. तापीचं खोरं सुमारे 65 हजार चौरस किलोमीटरचं आणि त्याचा पाऊणपेक्षा जास्त भाग महाराष्ट्रात. आपल्याकडे धो धो पडलं की हिशोब सुरतेत चुकता होतो. 1968 च्या ऑगस्टमधल्या पुराचा विसर्ग 15 लाख क्युसेकच्या घरात होता. 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झालं. त्यात शंभरहून जास्त गावं गेली, आपल्या नवापूर तालुक्यातलीसुद्धा. बहुतेक आदिवासींची. त्यांतली कित्येक कुटुंबं आज बॅकवॉटरमध्ये होडी घालून मासे धरतात. स्वतःची होडी असलेले तापीवरचे लोक शोधायचे तर ते हे, आणि त्यांची होडी सहलीची नाही.

धरण झालं तरी 2006 चा ऑगस्ट आलाच. वरती जोरदार पाऊस, धरण आधीच बरंच भरलेलं. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. त्या वर्षी रक्षाबंधन 9 ऑगस्टला होतं. म्हणजे ऐन सणाला सुरतेच्या रस्त्यांवरून होड्या फिरत होत्या, अडकलेल्या माणसांना काढायला.

हे सगळं आपल्याला परकं नाही, कारण सुरत निम्मी आपलीच आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत फिरा, अहिराणी ऐकू येईल. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. लूम आणि साड्यांच्या कामासाठी आपली माणसं पिढ्यान् पिढ्या तिकडे गेली. त्यामुळे हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की ती "तिकडची" समजून पान उलटू नये. वरच्या धरणांचं आणि उकाईचं वेळापत्रक एकमेकांशी जुळतं की नाही, हा आपल्या मामा-मावशीच्या घराचा प्रश्न आहे. 436 किलोमीटरच्या या जलमार्गावर बोटी कधी धावतील तेव्हा धावोत, आधी त्यावरून पाण्याची खबर वेळेत धावायला हवी.

असो. सुरतेला जायचंच असेल तर रेल्वे आहे. सुरत ते अमळनेर ही ताप्ती व्हॅली रेल्वे 1900 पर्यंत तयार झाली आणि बैलांचं पंधरा दिवसांचं काम तिनं एका दिवसावर आणलं. जाताना नवापूरला जागे राहा. स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे. चहा कुठल्या राज्यात प्यायचा ते तुम्ही ठरवा.