सैतानाचा जिना

मुलांच्या सुट्टीत स्कॉटलंडला गेलात की ग्लेनकोला गाडी थांबतेच. ए-८२ च्या कडेला फोटो होतात, थर्मासमधला चहा होतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "अगदी आपला माळशेज!" खडक दोन्हीकडे ज्वालामुखीचाच. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत थरावर थर बसला. ग्लेनकोचा ज्वालामुखी ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो आपल्याच पोटात खचला.

पण आज बोलायचंय ते जुन्या वाटेबद्दल. दरीच्या पूर्वेला एक पायवाट वळणं घेत साधारण ५५० मीटरपर्यंत चढते. तिचं नाव डेव्हिल्स स्टेअरकेस, म्हणजे सैतानाचा जिना.

इथल्या मॅकडोनाल्डांच्या प्रमुखाला राजनिष्ठेची शपथ घ्यायला काही दिवस उशीर झाला, एवढं निमित्त पुरलं. सरकारी सैनिक जवळजवळ दोन आठवडे त्यांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, जेवले. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे त्यांनीच यजमानांवर शस्त्र उचललं. सुमारे ३८ जण मारले गेले. खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणतात ते हेच. पळवाटा अडवायला आणखी ४०० सैनिक किनलोखलेव्हनहून याच खिंडीतून उतरणार होते. हिमवादळाने त्यांना उशीर झाला आणि बरेच लोक निसटले. बर्फाने काहींना वाचवलं, पळताना काहींचा जीवही घेतला.

पुढे १७४५-४६ चं बंड मोडल्यावर लष्कराने हायलँड्सवर पकड बसवायला रस्त्यांचं जाळं वाढवलं. त्यातच, १७५० नंतर, या खिंडीतून पक्की वाट झाली. श्रेय बहुतेक वेळा जनरल वेडना मिळतं, पण ते १७४८ मध्येच वारले होते. काम विल्यम कॉलफिल्ड यांच्या देखरेखीखाली झालं आणि राबले ते साधे शिपाई. आपल्याकडे पेशवाई १८१८ ला बुडाली आणि १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. नाणेघाट व्यापाऱ्यांनी वाहता ठेवला. हे दोन रस्ते मात्र आधी राज्यकर्त्यांच्या सोयीचे.

पुढच्या वेळी आल्टनाफेथला गाडी लावा आणि तासभर चढा. माथ्यावरून उत्तरेला किनलोखलेव्हनकडे उतरणारी वाट दिसेल. ते ४०० सैनिक तिकडूनच येत होते.